हॉट स्टॅम्पिंग: बी पिलरच्या एकाच पट्ट्यात हार्डनेस कमी येतोय, आणि या लाइनमध्ये पुढं काय शिकायचं?

प्रेसशॉप_०७

नमस्कार मंडळी, थोडं लांब लिहितोय. सहा वर्षं कोल्ड स्टॅम्पिंगवर काढली, डोअर इनर, ब्रॅकेट, क्रॉसमेंबर असली कामं, आणि आता तीन महिने झाले हॉट स्टॅम्पिंगच्या लाइनवर टाकलंय, म्हणजे शीट भट्टीत तापवून डायमध्ये (साच्यात) दाबायची आणि तिथंच थंड करून कडक करायची. इथं सगळंच वेगळं आहे. तिकडे शीट फाटतेय का, सुरकुती येतेय का, स्प्रिंगबॅक (दाब काढल्यावर शीट उसळून परत येणं) किती आहे एवढं बघितलं की काम झालं, इथं पार्ट दिसायला एकदम स्वच्छ येतो, फिक्स्चरवर नीट बसतो आणि तरी क्वालिटीवाले बाजूला काढतात कारण आत हार्डनेस नाही.

पार्ट बी पिलरचा आहे, म्हणजे गाडीच्या पुढच्या आणि मागच्या दारांमधला उभा खांब. शीट १.४ मिमी, २२एमएनबी५ (मॅंगनीज-बोरॉनचं स्टील), वर अॅल्युमिनियम-सिलिकॉनचा लेप. फर्नेस ९३० अंशांवर, ब्लँक (मापात कापलेली सपाट शीट) आत साडेपाच मिनिटं, मग रोबोट उचलून डायमध्ये ठेवतो, प्रेस बंद होते, ८ सेकंद दाबून धरते आणि पार्ट बाहेर. सगळीकडे ४६० ते ४८० विकर्स (हार्डनेसचं माप) मिळतो पण एका बाजूच्या उभ्या भिंतीवर, साधारण हाताच्या पंजाएवढ्या पट्ट्यात, ३८० ते ४०० च्या वर जातच नाही. दाबून धरायचा वेळ ८ चा १२ सेकंद केला, फरक शून्य, फक्त तासाचे पार्ट कमी झाले. फर्नेस १० अंशांनी वाढवून बघितली, तेच. शीटचा लॉट बदलला, तेच. आता सगळे एकमेकांकडे बघतायत, फर्नेसवाले म्हणतात डाय बघा, डायवाले म्हणतात मटेरियल बघा.

दुसरा प्रश्न जरा मोठा आहे. थंड प्रेसिंगसाठी पण आता हजार-बाराशे मेगापास्कल ताकदीची शीट मिळते, मग भट्टी, पाण्यानं थंड होणाऱ्या डाय, लेझर कटिंग एवढा सगळा व्याप कशासाठी करायचा? आणि या प्रोसेसमध्ये हल्ली जे नवीन येतंय त्यातलं खरंच शिकण्यासारखं काय आहे? मला ही लाइन मनापासून आवडायला लागलीय, वरवरचं शिकायचं नाहीये.

जुनाडायमेकर

आधी तो वेळ परत ८ वर आण, १२ करून काही हाती लागणार नाही. वेळ वाढवल्यानं थंड होण्याचा वेग वाढत नसतो. या स्टीलला मार्टेन्साइट (झपाट्यानं थंड झाल्यावर होणारी सगळ्यात कडक रचना) व्हायला सेकंदाला साधारण २७ ते ३० अंश तरी उतरायला पाहिजे आणि ते सुद्धा ४०० अंशांच्या आसपास मार्टेन्साइट सुरू होईपर्यंत सलग उतरायला पाहिजे. जिथं शीट डायला नीट चिकटलीय तिथं हे सगळं पहिल्या तीन-चार सेकंदांत आटपतं. जिथं चिकटलेली नाही तिथं ती रेंगाळत उतरते, मधल्या मध्येच बेनाइट, म्हणजे त्याहून मऊ रचना, होऊन बसतं, आणि एकदा झालं की मग तू अर्धा तास दाबून धर, ते परत मार्टेन्साइट होत नाही.

उभी भिंत म्हटल्यावर माझा पहिला संशय फटीवर आहे. प्रेसचा जोर उभा खाली येतो. सपाट भागावर तो पूर्ण लागतो, भिंतीवर त्याचा थोडासाच भाग आडवा लागतो, भिंत जितकी उभी तितका कमी. त्यात फॉर्मिंग होताना शीट भिंतीवर ताणली जाते म्हणजे पातळ होते. तुझी १.४ ची शीट तिथं १.२५ झाली असेल आणि डाय-पंचमधली जागा १.४ धरून मशीन केली असेल तर ०.१५ मिमीची हवा राहिली. डोळ्याला दिसत नाही पण हवा म्हणजे उष्णतेला रजईच आहे. एक दशांश मिलिमीटरनं सुद्धा थंड होण्याचा वेग कोसळतो हे मी स्वतः बघितलंय.

आता कसं शोधायचं. नुसत्या डायला निळं (मार्किंगची निळी शाई) लावून थंड डाय-पंच एकमेकांवर टेकवून बघू नकोस, त्यात सगळं छान दिसेल. याच डायमधून निघालेला तयार पार्ट घे, दोन्ही बाजूंनी पातळ निळं लाव, परत डायमध्ये ठेवून प्रेस बंद कर आणि उघडून बघ निळं कुठं दाबलं गेलंय आणि कुठं तसंच ओलं राहिलंय. त्या पार्टमध्ये भिंत किती पातळ झालीय तेही आलेलं असतं म्हणून खरं चित्र दिसतं. त्याच पट्ट्यात शीटची जाडी पण मोज, अल्ट्रासोनिक गेज असेल तर दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरं, त्या भिंतीच्या इन्सर्टचं (डायमध्ये बसवलेल्या वेगळ्या तुकड्याचं) पाणी बघ. चॅनलमध्ये क्षार धरले की प्रवाह कमी होतो आणि बाहेरून काही कळत नाही, मुख्य पाइपवरचं मीटर बरोबरच दाखवत असतं कारण बाकीच्या चॅनलमधून पाणी जास्त जातं. प्रत्येक सर्किट वेगळं मोज. आणि बाहेर पडलेल्या पार्टवर थर्मल कॅमेरा धर, तो पट्टा बाकीच्यापेक्षा लाल दिसला तर भांडण तिथंच मिटलं.

धातुवाली

डायमेकर काकांचं निदान बरोबर असण्याची शक्यता खूप आहे, पण डाय खोलायच्या आधी एक तुकडा कापून मायक्रोस्कोपखाली बघा, अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि त्यानं फर्नेसवाले-डायवाले हा वाद संपतो. त्या पट्ट्यात फेराइट (स्टीलची मऊ रचना) दिसलं तर चूक डायच्या आधी झालीय, म्हणजे एक तर फर्नेसमध्ये पूर्ण ऑस्टेनाइट (तापल्यावर होणारी रचना) झालं नाही, किंवा रोबोटनं उचलून ठेवेपर्यंत तो भाग जास्तच थंड झाला. बेनाइट दिसलं तर फर्नेस आणि रोबोट दोघंही सुटले, थंड करणं कमी पडलंय. ३८० ते ४०० विकर्स हा आकडा मला बेनाइट मिसळल्यासारखा वाटतो, शिवाय फर्नेस वाढवून काही बदललं नाही हेही त्याच बाजूला जातं.

अजून एक, हार्डनेस कुठं मोजताय? वरून थेट लेपावर टोचून मोजत असाल तर आकड्यावर भरवसा ठेवू नका. आडवा छेद घ्या, माउंट करा, पॉलिश करा आणि जाडीच्या मध्यभागी मोजा. मी ज्या लॅबमध्ये सुरुवात केली तिथं लेप न काढता मोजल्यामुळे चांगले पार्ट आठवडाभर अडकून पडले होते, तेव्हापासून कोणी हार्डनेसचा आकडा सांगितला की मी आधी हेच विचारते.

आता तुमचा मोठा प्रश्न. हे स्टील गिरणीतून येतं तेव्हा फेराइट-पर्लाइट असतं आणि ताकद साधारण ६०० मेगापास्कल, म्हणजे तसं साधंच. क्वेंचनंतर, म्हणजे झपाट्यानं थंड केल्यावर, तेच १५०० च्या आसपास जातं. गंमत मधल्या टप्प्यात आहे. ७००-८०० अंशांवर ऑस्टेनाइट इतकं मऊ असतं की गुंतागुंतीचा आकार कमी जोरात आणि न फाटता निघतो, आणि मार्टेन्साइट होतं ते डाय बंद असताना, आकार पकडून ठेवलेला असताना, म्हणून स्प्रिंगबॅक जवळजवळ राहत नाही. थंड प्रेसिंगमध्ये १२०० ची शीट वाकवून बघितली असेल तर ती किती उसळते, कडेला कशी चिरते आणि प्रेसला किती टनेज लागतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. सरळ, एकसारख्या छेदाचे पार्ट असतील, बंपर बीम किंवा सिलचं (दाराखालच्या आडव्या भागाचं) रिइन्फोर्समेंट वगैरे, तर थंड मार्टेन्सिटिक शीट रोलफॉर्म करून, म्हणजे रोलरमधून वाकवत नेऊन, वापरतात आणि तिथं ती योग्यच आहे. बी पिलरसारखा वर अरुंद, खाली रुंद, मध्ये वळलेला पार्ट त्या ताकदीत थंड काढणं फार अवघड जातं.

ही प्रोसेस स्वीडनमधली. १९७७ मध्ये प्लान्या या कंपनीनं पेटंट घेतलं आणि सुरुवातीला करवतीची आणि गवत कापायच्या मशीनची पाती यानं बनायची. १९८४ मध्ये साबनं गाडीच्या पार्टसाठी पहिल्यांदा वापरली, साब ९००० मध्ये. १९८७ मध्ये जगात वर्षाला ३० लाख पार्ट निघत होते, १९९७ मध्ये ८० लाख, आणि २००७ मध्ये १० कोटींच्या वर गेले. पात्यांपासून इथपर्यंत.

आणि २२एमएनबी५ या स्टीलच्या नावातल्या त्या 'बी'बद्दल. बोरॉन किती असतं माहितीये? ०.००२ ते ०.००५ टक्के. एवढंसं बोरॉन ऑस्टेनाइटच्या कणांच्या सीमांवर जाऊन बसतं आणि फेराइटला तिथं जन्मच घेऊ देत नाही, म्हणून तुम्हाला थंड करायला जरा सवड मिळते. पण बोरॉनला नायट्रोजन फार लवकर गाठतो आणि एकदा नायट्राइड झालं की ते बोरॉन वाया गेलं, म्हणून आधी टायटॅनियम घालून नायट्रोजन बांधून टाकतात. स्टीलच्या सर्टिफिकेटवर बोरॉन बरोबर असून टायटॅनियम कमी असेल तर मला चैन पडत नाही.

प्रेसशॉप_०७

ताई, काका, दोघांचे मनापासून आभार, असं कोणी समजावून सांगितलंच नव्हतं. तुकडा लॅबला पाठवलाय आणि शनिवारी डाय मिळणार आहे, निळं लावून बघतो. तोवर लेपाबद्दल सांगाल का? आमच्याकडे फर्नेसमध्ये ब्लँक चार मिनिटांपेक्षा कमी नको आणि दहापेक्षा जास्त नको असं भिंतीवर लिहिलंय पण का ते कोणी सांगत नाही. लाइन थांबली की आतले ब्लँक सरळ भंगारात जातात.

धातुवाली

लेप नसेल तर ९०० अंशांवर शीट हवेत आली की काळे पापुद्रे धरते, ते डाय खातात आणि नंतर शॉट ब्लास्टिंग करावं लागतं. त्यावर उपाय म्हणून अॅल्युमिनियम-सिलिकॉनचा लेप आला, आता जगात सगळ्यात जास्त तोच चालतो. त्यात सिलिकॉन १० टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक अॅल्युमिनियम. हा लेप ६०० अंशांच्या आतच वितळायला लागतो. म्हणजे फर्नेसमध्ये एक टप्पा असा येतो की शीटवर पातळ द्रव आहे आणि तो जागेवर राहायला हवा. शीटमधलं लोखंड हळूहळू वर चढून त्यात मिसळतं आणि लोखंड-अॅल्युमिनियमची संयुगं बनतात, ती ९३० अंशांना पण घट्ट राहतात. घाई केली तर मिसळायला वेळ मिळत नाही, द्रव वाहतो, फर्नेसच्या सिरॅमिक रोलरला चिकटतो. म्हणूनच इंडक्शननं दहा सेकंदांत तापवू असं जे लोक म्हणतात त्यांचं या लेपापाशी अडतं. उलट ब्लँक जास्त वेळ राहिला तर हा मिसळलेला थर जाड होत जातो आणि पुढं स्पॉट वेल्डिंगला त्रास देतो, शिवाय ऑस्टेनाइटचे कण मोठे होतात. तुमच्या भिंतीवरच्या चार आणि दहाचा अर्थ एवढाच.

पण मला विचाराल तर सगळ्यात जास्त लक्ष द्यायची गोष्ट हायड्रोजन आहे, आणि लाइनवर त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. फर्नेसच्या हवेत पाण्याची वाफ असली की गरम अॅल्युमिनियम तिच्यातला ऑक्सिजन ओढून घेतं आणि सुटलेला हायड्रोजन अणुरूपात सरळ स्टीलमध्ये शिरतो, ऑस्टेनाइटमध्ये तो भरपूर मावतो. मग क्वेंच होतो, आता वरचा लेप त्याला बाहेर पडू देत नाही. पार्ट तपासणीत पास होतो आणि तासांनी किंवा दिवसांनी, जिथं कापलेल्या कडेला ताण उरलाय तिथं आपोआप तडा जातो. कोणी हात लावलेला नसतो. हवा दमट असेल त्या दिवसांत हे वाढतं. म्हणून फर्नेसमध्ये कोरडी हवा सोडतात आणि ड्यू पॉइंट (हवेतल्या ओलाव्याचं माप) सतत मोजतात. तुमच्या फर्नेसच्या पॅनेलवर ड्यू पॉइंटचा आकडा आहे का ते उद्या बघा, आणि असेल तर तो कोण वाचतो ते विचारा.

झिंकच्या लेपाची गोष्ट वेगळी. गंजापासून तो जास्त चांगला वाचवतो, कापलेल्या कडेला सुद्धा. पण लोखंड-झिंकमध्ये ७८२ अंशांच्या वर द्रव राहू शकतो आणि तशा अवस्थेत शीट ताणली की तो द्रव कणांच्या सीमांमध्ये घुसतो आणि खोल चिरा पडतात. यातून दोन वाटा निघाल्या. एक म्हणजे आकार आधी थंडच काढायचा, मग तापवायचा आणि डायमध्ये फक्त क्वेंच करायचा, याला इनडायरेक्ट प्रोसेस म्हणतात. दुसरी म्हणजे फर्नेसमधून निघाल्यावर ब्लँक मुद्दाम ५०० अंशांच्या आसपास उतरवायचा आणि मग फॉर्म करायचा, त्यासाठी मॅंगनीज वाढवलेलं २०एमएनबी८ सारखं स्टील काढलं, जे तिथपर्यंत उतरलं तरी ऑस्टेनाइटच राहतं. मला ही दुसरी वाट फार आवडते. आधी प्रोसेस ठरवून तिला लागेल तसं स्टील बनवलंय.

क्रॅशमॉडेल

मी क्रॅश सिम्युलेशन करतो, म्हणून वापरणाऱ्याच्या बाजूनं लिहितो. लोक विचारतात नवीन काय, तर लगेच आकडा सांगतात, १५०० चं २००० झालं. ते झालंय हे खरं, युसिबोर २००० सारखी स्टील बाजारात आहेत, कार्बन ०.३५ टक्क्यांच्या जवळ नेऊन. पण माझ्या कामात त्याहून मोठा फरक कशानं पडला असेल तर एकाच पार्टमध्ये कुठं कडक आणि कुठं मऊ ठेवायचं हे आपल्या हातात आलं त्यानं.

बाजूनं धडक बसते तेव्हा बी पिलरनं माणसाच्या छाती-डोक्यापाशी आत यायचं नाही. पण ऊर्जा कुठंतरी जिरायला पाहिजे, म्हणून खालचा भाग, सिलजवळचा, वाकावा अशी अपेक्षा असते. सगळा पिलर १५०० चा केला तर तो कुठं वाकेल हे आपण ठरवत नाही, धडक ठरवते, आणि मार्टेन्साइट जेमतेम ५-६ टक्के ताणलं जातं, तेवढ्यात वाकलं नाही तर तुटतं. स्पॉट वेल्डच्या भोवती तर अजून नाजूक, कारण वेल्डच्या उष्णतेनं तिथं एक कडं मऊ पडतं आणि सगळा ताण त्या कड्यात गोळा होतो.

म्हणून खालचा भाग मुद्दाम मऊ ठेवतात. डायचा तेवढा भाग हीटर लावून ४०० ते ५५० अंशांवर ठेवला की तिथं क्वेंच हळू होतो आणि मार्टेन्साइटऐवजी बेनाइट-फेराइट मिळतं. म्हणजे तुमच्या लाइनवर जो दोष म्हणून आलाय तोच दुसऱ्या ठिकाणी ड्रॉइंगवर लिहून मागतात. दुसरा रस्ता, दोन वेगळी स्टील आधी लेझरनं जोडायची, वर बोरॉन स्टील आणि खाली डक्टिबोर ५०० सारखं, जे क्वेंच झालं तरी मऊ राहतं. इथं पण तो लेप आडवा येतोच, त्यातलं अॅल्युमिनियम वेल्डमध्ये गेलं की तिथं फेराइट टिकून राहतं आणि जोड कमजोर होतो, म्हणून वेल्डच्या आधी कडेचा लेप लेझरनंच खरवडतात.

याच्याच पुढची पायरी म्हणजे डोअर रिंग. ए पिलर (पुढच्या काचेशेजारचा खांब), बी पिलर, सिल, वरची रेल हे सगळं एकाच जोडलेल्या ब्लँकमधून एका फटक्यात. २०१४ च्या अॅक्युरा एमडीएक्समध्ये पहिल्यांदा आली. अमेरिकेत आयआयएचएस या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेनं २०१२ मध्ये स्मॉल ओव्हरलॅपची टेस्ट आणली, गाडीचा पुढचा फक्त २५ टक्के भाग अडथळ्यावर आदळतो, आणि तेव्हापासून ए पिलर आणि सिलच्या जोडावर सगळ्यांचं लक्ष गेलं. तिथं जोडच नसेल तर जोड सुटायचा प्रश्न येत नाही. व्होल्वोनं दुसऱ्या पिढीच्या एक्ससी९० मध्ये बॉडीच्या वजनाचा जवळपास ४० टक्के भाग हॉट फॉर्म्ड बोरॉन स्टीलचा केला, यावरून ही प्रोसेस किती आत शिरलीय ते दिसतं.

२००० च्या स्टीलबद्दल एक सावधगिरी सांगतो. ताकद वाढली तरी स्टीलचा ताठपणा तोच राहतो, २१० गिगापास्कल. म्हणून ताकद वाढली त्या प्रमाणात शीट पातळ करता येत नाही, पातळ केली की ती तुटायच्या आधी चुरमडते. मग रिब द्या, आकार बदला, आणि ते करायला जागा नसते. माझं मत असं की आधी बेंडिंग अँगलचा डेटा मागा, वाकवल्यावर किती अंशांना चीर पडते तो, आणि मग ताकदीचा.

धातुवाली

बेंडिंग अँगलबद्दल पूर्ण सहमत. २००० च्या बाबतीत मी एवढं जोडते की हायड्रोजनचा धोका ताकदीबरोबर झपाट्यानं वाढतो. जो ड्यू पॉइंट १५०० ला चालून गेला तो इथं चालणार नाही. म्हणून त्यात निओबियम किंवा वॅनेडियम घालतात, त्याची बारीक कार्बाइडं ऑस्टेनाइटचे कण लहान ठेवतात आणि हायड्रोजनला पकडून पण ठेवतात. लेप पातळ करायचे प्रयत्न चाललेत, क्रोमियम-सिलिकॉन वाढवून लेपाशिवायच पापुद्रे न धरणारं स्टील काढायचे पण. लेपच नसेल तर फर्नेसमधली चार मिनिटांची अट जाते, भट्टी लहान होते, गॅस वाचतो, हायड्रोजनची मोठी वाट बंद होते. मला विचाराल तर पुढची मोठी उडी तिथून येईल.

ओतकाम_आवड

वाचतोय सगळं, छान चर्चा. पण मागचा आख्खा फ्लोअर एकाच अॅल्युमिनियम कास्टिंगमध्ये निघायला लागलाय, टेस्लानं मॉडेल वायमध्ये केलं, मग हे शीटचं काम किती वर्षं टिकेल?

क्रॅशमॉडेल

कास्टिंगनं मागच्या आणि पुढच्या भागातले लहान-लहान प्रेस पार्ट खाल्ले हे खरं आहे. पण ते भाग असे आहेत जिथं आकार गुंतागुंतीचा आणि जागा भरपूर. माणूस बसतो त्या पिंजऱ्यात, दाराच्या भोवती, पिलरला जाडी वाढवायला जागाच नसते, ड्रायव्हरला बाहेर दिसायला पण पाहिजे, आणि तेवढ्या बारीक छेदात १५०० मेगापास्कल देणारं स्वस्त दुसरं काही मला माहीत नाही. बॅटरीच्या गाड्यांत तर सिलच्या आत बॅटरी असल्यामुळे बाजूच्या धडकेला सिल फार आत येऊन चालत नाही, तिथं या पार्टची गरज उलट वाढलीय.

डेंटिंगवाला

मी बॉडी रिपेअरचं काम करतो, तुमच्यासारखं शिकलेलो नाही पण हा धागा बघून राहवलं नाही. कृपा करून बनवणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी हे आमच्यापर्यंत पोचवा. आमच्या लायनीत जुनी सवय आहे, वाकलं की गॅसनं लाल करायचं आणि ठोकून सरळ करायचं. साध्या पत्र्याला चाललं. बी पिलर लाल केला की तुमचा तो मार्टेन्साइट गेला, वरून रंग मारला की गाडी नव्यासारखी दिसते आणि पुढच्या धडकेला तो पिलर कागदासारखा आत येईल. एका ठिकाणी असा गरम करून सरळ केलेला पिलर मी कापून काढलाय, ग्राइंडर त्यात लोण्यासारखा चालला तेव्हाच कळलं की आधी कोणीतरी तापवलाय. नव्या पिलरला साधा ड्रिल लागतच नाही, स्पॉट वेल्ड काढायला कार्बाइडचे बिट घ्यावे लागतात. असा पार्ट सरळ करायचा नाही, बदलायचा, आणि कंपनीच्या मॅन्युअलमध्ये जिथं जोड दाखवलाय तिथंच जोडायचा. अपघातात माणसं बाहेर काढणाऱ्यांना पण हेच, जुने कटर या पिलरवर अडतात, कुठं कापायचं ते आधी माहीत असलं तर वेळ वाचतो.

जुनाडायमेकर

डेंटिंगवाले भाऊ, तुम्ही जे लिहिलंय ते प्रत्येक डिझाइन रूममध्ये लावायला पाहिजे.

पोरा, शनिवारचं काय झालं?

प्रेसशॉप_०७

तेच सांगायला आलो. लॅबमध्ये त्या पट्ट्यात बेनाइट निघालं, फेराइट नाही, म्हणजे ताई म्हणाल्या तसं फर्नेस आणि रोबोट सुटले. हार्डनेस आम्ही छेद घेऊनच मोजत होतो, ते विचारून घेतलं. शनिवारी तयार पार्टला निळं लावून प्रेस बंद केली. भिंतीच्या वरच्या कडेला आणि खालच्या रेडियसला निळं दाबलेलं आणि मध्ये सगळं ओलं तसंच, बरोबर पंजाएवढं. जाडी १.२६ निघाली. काका, तुम्ही १.२५ लिहिलं होतंत, मी दोनदा मोजली.

आणि पाण्याचं पण निघालं. त्या इन्सर्टच्या दोन सर्किटपैकी एकात प्रवाह दुसऱ्याच्या निम्मा पण नव्हता. सोडवून क्षार काढले, पांढरा चुरा निघाला वाटीभर. इन्सर्टच्या मागं शिम घालून भिंत ०.१ नं पुढं घेतली, परत निळं लावलं, परत थोडं घासलं, असं तीनदा करावं लागलं. सोमवारी पहिले पार्ट काढले, त्या पट्ट्यात ४५५ ते ४७०. वेळ परत ८ सेकंद. थर्मल कॅमेरा मागून आणला, बाहेर पडताना तो पट्टा आता बाकीच्या पार्टसारखाच दिसतो.

ड्यू पॉइंटचा आकडा पॅनेलवर आहे, पण तिसऱ्या स्क्रीनवर, आणि खरंच कोणी वाचत नव्हतं. आता शिफ्टच्या रजिस्टरमध्ये दर दोन तासांनी लिहायला लावलंय.

एकच शेवटचं विचारतो, शिम घातलेलं किती दिवस टिकेल?

जुनाडायमेकर

शाब्बास. शिमवर वर्षानुवर्षं चालवू नकोस. गरम शीट घासून भिंत झिजते, लेपातलं अॅल्युमिनियम डायला चिकटतं पण, म्हणजे एकीकडे फट वाढते आणि दुसरीकडे ओरखडे येतात. पुढच्या मोठ्या मेंटेनन्सला त्या इन्सर्टची भिंत शीटच्या खऱ्या, पातळ झालेल्या जाडीवर मशीन करून घे. आणि नवीन इन्सर्ट करायचाच असेल तर स्टीलचा विचार कर. नेहमीच्या हॉट वर्क स्टीलची उष्णता वाहून नेण्याची क्षमता २५ वॉट प्रति मीटर केल्विनच्या आसपास असते, आता ६० च्या जवळ जाणारी पण मिळतात, अशा अडचणीच्या भिंतीला ती महाग वाटली तरी परवडतात. जमलं तर चॅनल पण सरळ ड्रिल न मारता पृष्ठभागाच्या वळणाबरोबर जाईल असा प्रिंट करून घेता येतो, तुझ्या भिंतीला तसा एकच छोटा इन्सर्ट पुरेल.

तोवर दर महिन्याला दोन्ही सर्किटचा प्रवाह वेगवेगळा मोजून लिहून ठेव, आणि तो निळा लावलेला पार्ट फेकू नकोस, तारीख टाकून टूलरूममध्ये टांगून ठेव. सहा महिन्यांनी परत निळं लावशील तेव्हा शेजारी धरायला लागेल.